पानात न टाकणारा माणूस

जबरदस्तीनं खायला घालणं हा गुन्हा धरला गेला असता, तर व्यंकटराव मोऱ्यांना जन्मठेप झाली असती आणि बरकतपुऱ्यातल्या आम्हा सगळ्या मराठी मंडळींना साक्षीला उभं राहावं लागलं असतं. त्यात पहिला नंबर माझा लागला असता. लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले, त्याच महिन्यात मराठी मंडळाची पंगत होती. मी निम्म्या जेवणानंतरच पत्रावळीवर आडवा हात धरून बसले होते. समोर एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात ओगराळं, कमरेला पंचा.

"वैनी, हात काढा. न्हाईतर हातावर वाढीन."

"नको हो, खरंच पोट भरलंय."

"पुन्याच्या ना तुमी? तिथं पोट भरायच्या आदीच भांडी घासायला पडत्यात म्हनं. काढा हात."

हात काढला नाही आणि त्यानं खरोखर हातावर वाढलं. गरम वरण बोटांमधून भातावर ओघळलं. पंगत हसली आणि मी लाल झाले. तेवढ्यावर सुटका झाली असती तर ठीक होतं. शेवटी माझ्या पानात अर्धी जिलबी उरली, तेव्हा हा गृहस्थ परत आला आणि नुसता उभा राहिला. बाकीची पंगत उठायच्या बेतात असताना सव्वाशे किलोचा माणूस माझ्या अर्ध्या जिलबीवर पहारा देत होता. मी ती गिळली. मग तो खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "राग नका मानू. पानात टाकायचं आन् देवाच्या तोंडावर थुकायचं, सारखंच."

हे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी निघाले. मूळचे उदगीरकडचे. दिलसुखनगरला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी दखनीत बोलायचे, "लेओ अम्मा, ये डब्बा लेओ, तुम्हारे पोते भी इसमें अचार रखेंगे." घरी शकुताईंशी, म्हणजे बायकोशी, उदगीरची मराठी. दोन्हीकडे आवाज एकच, जिन्यातून तळमजल्यापर्यंत पोहोचणारा. मंडळाची पंगत असली की दुकानातली मोठी पातेली, पराती, बादल्या टेम्पोत घालून आणायचे आणि वाढायला सगळ्यांच्या आधी कमरेला पंचा बांधायचे. जेवायला मात्र सगळ्यांच्या शेवटी बसायचे.

त्यांच्या खाण्याची मंडळात चेष्टा व्हायची, पण त्यांचं खाणं कुणी नीट पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. स्वतःसाठी ते फार वाढून घेत नसत. लग्नात लहान पोरांची अर्धवट खाल्लेली ताटं कचऱ्याच्या पिंपाकडे निघाली की व्यंकटराव त्यांना वाटेत गाठत. घरी शकुताई भाजीचं पातेलं हातात घेऊन म्हणायच्या, "एवढ्याशा भाजीला काय डब्यात ठेवायचं?" आणि ती एवढीशी भाजी व्यंकटरावांच्या पोटात जायची. माझ्याकडे आले तर माझ्या नवऱ्याच्या ताटातली उरलेली पोळीसुद्धा निःसंकोच उचलत. त्यांच्या अंगावर जे साठलं होतं, त्यातलं निम्मं तरी आम्ही बाकीच्यांनी टाकलेलं होतं.

पन्नाशी ओलांडली तशी शुगर आली, घोरणं आलं आणि गुडघे गेले. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून ते मोठ्यानं स्वतःलाच शिव्या द्यायचे. एका लग्नात मंडळींनी हौसेनं भारतीय बैठकीची पंगत घातली होती. व्यंकटराव वाढायला वाकले आणि त्यांना सरळ होताच येईना. दोघांनी बगलेत हात घालून उचललं, खुर्चीत बसवलं आणि हातातलं ओगराळं काढून घेतलं. "बसा काका, आम्ही आहोत ना," असं कुणीतरी चांगल्या मनानंच म्हणालं. पंगत संपेपर्यंत ते त्या खुर्चीत मांडीवर रिकामे हात ठेवून बसले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा. मग वजनाचं ऑपरेशन ठरलं. मला जिन्यात गाठून त्यांनी ही बातमी दिली.

"वैनी, पोट कापून केळाएवढं करनार म्हनं."

"भीती नाही वाटत?"

"भीती कसली? उभं ऱ्हाऊन वाढता आलं पायजे. बाकी पोटाचं काय, आजवर लई खाल्लं."

बस, एवढंच त्यांना हवं होतं. सडपातळ दिसायचं नव्हतं, शंभर वर्षं जगायचं नव्हतं. मंडळाच्या पुढच्या मोठ्या पंगतीत स्वतःच्या पायावर उभं राहून वाढायचं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. नंतर जे झालं त्याचं खापर आमच्याकडे दवाखान्यावर फोडायची पद्धत आहे. दवाखान्यानं सगळं सांगितलं होतं. इंग्रजीत छापलेला कागद दिला होता आणि आहाराचं बघायला श्रावणी नावाची एक तेलुगू मुलगी दिली होती. वय असेल पंचवीस, पण डोकं ठिकाणावर. तो कागद मी शकुताईंसाठी मराठीत उतरवला आणि त्यांच्या फ्रिजवर चिकटवला. लहान चमचा घ्यावा. घास तोंडात पाणी होईपर्यंत चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासानं घोट घोट घ्यावं. गोळ्या चुकवू नयेत. उलट्या होत राहिल्या तर ताबडतोब कळवावं. आणि पोट भरल्यासारखं वाटताच थांबावं, एक घासही जास्त घेऊ नये.

व्यंकटरावांनी माझ्या अक्षरातला तो कागद चष्मा लावून वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् पानातलं?"

"पानातलं काय?"

"थांबल्यावर पानात उरलं तर?"

श्रावणी समोरच बसली होती. तिला मी हिंदीत सांगितलं, काका विचारताहेत की ताटात उरलं तर काय करायचं. तिला प्रश्नच कळला नाही. "छोड़ देना अंकल. डस्टबिन में डालो. एक चम्मच के वास्ते कायकू परेशान होना?"

व्यंकटराव हसले. आपल्या नातीनं काहीतरी वेडगळ बोलावं तसं त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "हौ बेटा, हौ," म्हणाले. मी फ्रिजशी उभी होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला महिना पातळ पदार्थांचा. मुगाचं पाणी, ताक, पावडर घातलेलं दूध. त्यात टाकण्याचा प्रश्न नव्हता. वजन भराभरा उतरलं. पँट दोन्ही हातांनी धरून ते जिन्यात दाखवायचे, "बघा वैनी, यात अजून एक मोरे मावंल." मग मऊ खाणं सुरू झालं आणि मळमळही. फोडणीचा वास त्यांना सहन होईना. शकुताई आधी स्वयंपाकघराचं दार लावून फोडणी द्यायच्या, मग त्यांनी फोडणीच बंद केली. जिच्या घरच्या ठेच्यानं अख्ख्या बिल्डिंगला ठसका लागायचा, त्या बाईच्या घरातून महिनाभर कसला वास आला नाही. व्यंकटराव बाल्कनीत बसून दुकानातल्या सगळ्यांत लहान वाटीतून, बाळाला भरवायच्या चमच्यानं जेवायचे. सुंठेचा तुकडा गालात धरायचे, लिंबू हुंगायचे. तोंडाला पाणी सुटलं की आता जेवायची नव्हे, पळायची वेळ आलेली असे.

वाटीत पाच चमचे असत. तीन चमच्यांत पोट भरे. उरलेले दोन ते खात.

हे शकुताईंना दिसत नव्हतं का? दिसत होतं. त्या मग चारच चमचे वाढू लागल्या, तर दोनात पोट भरायला लागलं. कधी तीन जात, कधी एकही जात नसे. ते पोट रोजच्या रोज वेगळं वागत होतं आणि व्यंकटराव मात्र रोज तेच वागत होते. वाटी पुसून घ्यायचे. शकुताई म्हणायच्या, "द्या इकडं, मी खाते." त्यावर ते डोळे वटारायचे. बायकोला उष्टं खाऊ द्यायचं नाही, असाही त्यांचा एक नियम होता. सगळ्यांचं उष्टं त्यांनी खायचं, त्यांचं कुणी नाही.

आणि आम्ही सगळे काय करत होतो? आम्ही कौतुक करत होतो. "अर्धे झालात की हो! काय रहस्य?" जो भेटेल तो हेच म्हणायचा. गाल बसले, केस गळले, गळ्याची कातडी लोंबायला लागली, तरी बायका आपल्या नवऱ्यांना कोपर मारून सांगायच्या, "शिका जरा." मीही सांगितलं होतं.

माझ्या नवऱ्याच्या साठीला मी वीसेक माणसं जेवायला बोलावली, त्यात हे दोघंही होते. व्यंकटरावांसाठी वेगळी मऊ खिचडी केली होती, लहान वाटीत अगदी मापून. ती त्यांनी सावकाश खाल्ली. शहाणपणानं इथेच थांबायचं होतं. पण पुरण सुरेख जमलं होतं आणि इतक्या वर्षांत या माणसानं मला एकदाही सोडलं नव्हतं. मी पोळीचा चतकोर तुकडा तुपात बुडवून त्यांच्या ताटात टाकला. "हात काढा, नाहीतर हातावर वाढीन," असंही म्हणाले. सगळे हसले. तेही हसले.

निम्मा तुकडा खाल्ल्यावर त्यांचं कपाळ घामानं भरलं. ते बोलायचे थांबले आणि नुसते गिळत राहिले. मग "आलोच" म्हणून उठले. आमच्या न्हाणीघराची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे. मी तूप आणायला आत गेले होते. नळ पूर्ण सोडलेला होता, तरी मला ऐकू आलं. ते बाहेर आले तेव्हा मी दारातच उभी होते. डोळे लाल, मिशीला पाण्याचे थेंब.

"किती दिवस चाललंय हे?"

"महिना झाला असंल, रोजचंच हाय. दुकानात मागच्या बाजूला जातो. येतंय न् जातंय."

"रोज? आणि गोळ्या?"

"गोळी तर आदी येती भाईर. सोडल्या म्या. वैनी, शकूला सांगू नका. त्या पोरीला तर न्हाईच. पंगत तोंडावर आलीय. आता दवाखान्यात नेऊन घातलं तर गेली पंगत."

"पण—"

"पंगतीनंतर म्याच जातो की. शब्द हाय."

मग ते बाहेर जाऊन परत पानावर बसले आणि उरलेला अर्धा तुकडा खाल्ला. मी समोर बसून ते पाहिलं. उठून ताट ओढून घेता आलं असतं. वीस माणसांसमोर त्यांचं ताट ओढणं मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनी मला गुपितात घेतलं, याचं मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत इथे मला कुणी आपलं मानलं असेल, तर ते त्यांनीच. त्या बदल्यात मी तोंड मिटून बसले. पुढचे तीन आठवडे शकुताई जिन्यात भेटल्या की "काय म्हणतात भाऊ?" असं मीच त्यांना विचारायची.

पंगतीच्या दिवशी व्यंकटराव नव्या सदऱ्यात आले. कमरेला पंचा बांधला, तो पूर्वी एकदा गुंडाळला जायचा, आता दोनदा गुंडाळला. बादली उचलली आणि उभ्यानं वाढायला सुरुवात केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. एवढ्यासाठी या माणसानं स्वतःचं पोट कापून घेतलं होतं.

दुसऱ्या ओळीत त्यांनी वरण पत्रावळीच्या बाहेर ओतलं. तिसऱ्या ओळीत एका बाईच्या साडीवर. ते पाय फाकवून चालत होते, होडीत उभं असल्यासारखे. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "व्यंकटराव, आज घेऊन आलात की काय?" आणि पंगत हसली. आयुष्यात सोड्याशिवाय दुसरी बाटली ज्यानं उघडली नाही, त्या माणसावर सगळी पंगत हसली. त्यांनी बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे आले.

"वैनी, पानं दोन दोन दिसायलीत. कोनत्यात वाढू?"

डोळे माझ्याकडे होते, पण माझ्यावर ठरत नव्हते, बाजूला सरकून परत येत होते. मी काय म्हणाले? "चष्म्याचा नंबर वाढला असेल हो. वजन उतरलं की बदलतो म्हणतात." असं कुणीही म्हणत नाही. मी ते तिथल्या तिथे बनवलं, कारण गुपित राखायचं होतं आणि पंगत अजून अर्धी व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यात पडले. उठवलं तर शकुताईंना विचारू लागले, "बाई, तुमी कोन?" दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, उलट्या किती दिवसांपासून? शकुताई म्हणाल्या, "एखाद्या वेळी होते, रोज नाही." मी मागे उभी होते. "दोन महिने. रोज. गोळ्याही बंद आहेत," मी म्हणाले. शकुताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या विषयावर त्या आजवर माझ्याशी बोललेल्या नाहीत.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सारख्या उलट्या होत राहिल्या की अंगातलं एक जीवनसत्त्व संपतं, आणि ते संपलं की डोळे, चालणं आणि आठवण यांच्यावर घाला येतो. साधं सुईनं देता येतं, वेळेवर आलं तर. सुया दिल्या. आठवडाभरात डोळे जागेवर आले, महिन्याभरात पाय. आठवणीचं मात्र सांगता येणार नाही, असं म्हणाले. मला स्वतःचा संताप आला. खरं तर त्यांचाही आला. इतकं माणसांवर प्रेम करणाऱ्या माणसाला दोन चमचे खिचडी टाकता येऊ नये? देव काय त्या दोन चमच्यांसाठी तोंड वर करून बसला होता? हे मी मनात शंभरदा त्यांना विचारलं आहे. आता विचारायची सोय नाही. जुनं बरंचसं त्यांना आठवतं, उदगीरचा वेशीवरचा मारुती आठवतो. पण आता काय झालं ते दहा मिनिटांनी नसतं. दुकान विकलं.

परवा दुपारी वर गेले, तेव्हा श्रावणी आलेली होती. तिची ड्यूटी नसते, तरी अधूनमधून येते. व्यंकटराव टेबलाशी बसून दहीभात खात होते. मळमळ केव्हाच थांबली आहे, वजन छान आहे, गुडघेही दुखत नाहीत. तीन चमचे खाल्ले, चौथा भरला आणि वाटीत परत ठेवला. हात मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले. मी आणि शकुताई, दोघीही त्या वाटीकडे बघत होतो.

"देखा आंटी? कितना अच्छा सीख गए," श्रावणी आनंदानं म्हणाली.

दहाएक मिनिटं गेली. व्यंकटरावांची नजर वाटीवर पडली. कपाळाला आठी आली.

"कुनाचं हाय हे?"

"तुमचंच," शकुताई म्हणाल्या.

"छे. माझं न्हाई." त्यांनी वाटी बोटानं लांब सारली आणि माझ्याकडे वळून, नव्या माणसाला सांगावं तसं अदबीनं सांगितलं, "मी पानात टाकत न्हाई, बाई."